नंदाचा फ्रिज

आमच्या घरात फ्रिज आला तो गार पाण्यासाठी किंवा सरबतासाठी नाही, नंदाच्या औषधासाठी आला. नंदा माझी धाकटी बहीण. ती नऊ वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई हा आमच्या घराचा नेम झाला. बाटली गार जागेत ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमच्याकडे गार जागा कुठली? मग समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंच्या फ्रिजमध्ये ती ठेवायची सोय झाली. दोन वर्षं मी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा त्यांची कडी वाजवत होते. बाई वाईट नव्हत्या. पण कधी त्यांच्याकडे पाहुणे असायचे, कधी त्या नुकत्या आंघोळीला गेलेल्या असायच्या, आणि दार उघडताना त्यांच्या चेहऱ्यावरून जे काही सरकून जायचं ते मला नेमकं दिसायचं. एकदा त्यांच्या मुलाने आतून विचारलं, "कोण गं?" आणि त्या म्हणाल्या, "कोणी नाही, बाटलीवाली." मी हे घरी सांगितलं नाही. नंदाने सांगितलं, कारण त्या दिवशी ती माझ्यासोबत होती. आप्पा जेवत होते. ते जेवून उठले, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या कारखान्यातले एक साहेब बदली होऊन गुजरातकडे निघाले, तेव्हा त्यांचा जुना फ्रिज टेम्पोतून आमच्या दारात उतरला. फिकट हिरव्या रंगाचा, एका दाराचा, वर छोटा बर्फाचा कप्पा. आप्पांनी स्वतः तो ओल्या फडक्याने पुसला, हळदीकुंकू लावलं आणि नंदाला म्हणाले, "हा तुझा. ह्याच्यात काय ठेवायचं ते तू सांगायचं."

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. आप्पा बोईसरला एका कापडाच्या कारखान्यात फिटर होते. माग बंद पडले की दुरुस्त करायचे. आमच्या दोन खोल्या नवापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला होत्या. वारा समुद्राकडून आला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा आणि फिरला की कारखान्यांचा, घशाशी खवखवणारा. आई दोन्ही वासांना कधी सरावली नाही. ती खिडकी लावून भाकऱ्या थापायची आणि म्हणायची, "आपल्याकडं निदान वाऱ्याला वारा म्हणता यायचं." गावाहून ज्वारीचं पोतं यायचं, शेंगा यायच्या. शेंगदाण्याची चटणी कुटताना खलबत्त्याचा जो ठेका लागायचा त्यावर शेजारची पोरं नाचायची. फ्रिज मधल्या दाराशेजारी उभा राहिला, त्यामुळे एका खोलीतून दुसरीत जाताना प्रत्येकाला थोडं तिरकं व्हावं लागायचं. फ्रिजच्या डोक्यावर आईने स्टीलचे चार डबे ठेवले होते. मोटर बंद होताना फ्रिज एकदा अंग झटकल्यासारखा थरथरायचा आणि ते डबे एकमेकांवर किणकिणायचे. पहिल्या आठवड्यात आम्ही दचकायचो, नंतर ते ऐकू येईनासं झालं.

सुई मी द्यायचे. आईचा हात थरथरायचा आणि आप्पांची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, बाटली दोन्ही तळव्यांमध्ये हलक्या हाताने फिरवायची. आतलं औषध दुधासारखं पांढरट असायचं, ते सारखं झालं पाहिजे. मग रेघ बघून ओढायचं. नंदा मांडी पुढे करायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायची. कुठलीच कुरकुर नाही. सुई काढून मी कापूस दाबला की मात्र "आज दुखलं" किंवा "आज नाही" एवढं मला न चुकता सांगायची. मला वाटतं, त्या घरात मला एवढं मोठेपण दुसऱ्या कशानेच मिळालं नव्हतं. मी सतरा वर्षांची होते, आणि माझ्या हाताशिवाय माझ्या बहिणीचा दिवस सुरू होत नव्हता.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहितेय तेव्हा बारावीची परीक्षा संपली होती. निकालाला वेळ होता. पुढे काय, हे घरात कोणी काढत नव्हतं. काढलं की स्थळांचा विषय निघायचा, म्हणून मीही काढत नव्हते. दिवसभर घरात. आई शिवणाच्या मशीनवर, नंदा शाळेत आणि मी या खोलीतून त्या खोलीत. वाचायला घेतलेलं पुस्तक दोन पानांत खाली ठेवायची, केस उगाच पुन्हा विंचरायची, गॅलरीत जाऊन उभी राहायची, परत यायची. अशा रिकाम्या, तापलेल्या दुपारी मला फ्रिज ऐकू यायला लागला.

आधी त्याचा सूर बदलला. पूर्वी तो एका पट्टीत गुणगुणायचा, आता खालच्या आवाजात घोगरा घुमायला लागला. मग लक्षात आलं की तो थांबतच नाही. पूर्वी डबे तासात दोन-तीनदा किणकिणायचे, आता अख्खी दुपार त्यांचा आवाज नाही. मी मागे हात घातला तर खालचा काळा गोळा, ज्याला कॉम्प्रेसर म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, इतका तापलेला की बोट टेकवेना. आठवड्याभराने उलटंच सुरू झालं. फ्रिज गप्प. मग अचानक घुर्र करून सुरू व्हायचा प्रयत्न करायचा, तेवढ्यात खोलीतला दिवा मिणमिणायचा, आणि पाच-सात सेकंदांत मागून 'टक्'. परत गप्प. चार-पाच मिनिटांनी पुन्हा घुर्र, पुन्हा दिवा, पुन्हा टक्. म्हाताऱ्या माणसाने उठायला हात टेकावा आणि परत खाली बसावं तसं. कधी तरी त्याला उठता यायचं, आणि मग तो तासन्‌तास चालत राहायचा, जणू पुन्हा बसलो तर उठणं होणार नाही. मी मशीनवर बसलेल्या आईला म्हणायची, "ऐकलंस?" ती पायडल थांबवायची, मान वाकडी करायची. तेवढ्यात तो गप्प झालेला असायचा.

आप्पांना सांगितलं. ते नुकतेच पाळीवरून आले होते, बनियनवर, हातात चहाची बशी. "आप्पा, फ्रिजची मोटर बिघडतीये. टक् टक् करते आणि बंद पडते." त्यांनी बशी खाली ठेवली, उठले, फ्रिजच्या बाजूला कान लावून उभे राहिले. नेमकं त्याच वेळी घुर्र झालं, दिवा मिणमिणला, टक् झालं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "ठीक आहे की. मोटर आहे ती, आवाज करणारच."

"आप्पा, आत्ता टक् झालं!"

"तुला रिकामपण आलंय, सुमे. दिवसभर बसून त्याच्या छातीला कान लावलास तर असंच होणार." आणि ते हसले. आईही हसली. मला राग आला तो त्या हसण्याचा. वीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस, त्याच्या कानाशी टक् होतं आणि तो म्हणतो ठीक आहे. मला वाटलं, हा फ्रिज ह्यांनी आणलाय ना, म्हणून त्याच्यात खोट निघालेली ह्यांना चालत नाही.

आता आमच्या पालघरच्या घरात जो फ्रिज आहे तो चालू आहे की बंद हे सुद्धा कळत नाही. सून म्हणते, "आई, तुम्ही त्याच्या मागे हात घालून काय बघता?" मी बघते, एवढंच. आणि बिल्डिंगमध्ये कोणी म्हणालं की दूध लवकर नासतंय, तर मी विचारल्याशिवाय राहत नाही: मोटर थांबते का, सुरू होताना दिवे मंद होतात का, मागे हात लावून बघितलं का. लोकांना वाटतं म्हातारीला हौस आहे.

माझ्यावर विश्वास ठेवला तो जनाबायने. जनाबाय दांडीची, जवळच्या समुद्राकाठच्या गावातली. सकाळी मासे घेऊन यायची, डोक्यावर टोपली, आणि आम्ही मासे खात नसूनही आमच्या पायरीवर टेकायची, कारण आई तिला गार पाणी द्यायची. त्या दिवशी तिने पाण्याचा घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"बाय, पानी गार नाय तुजं."

"असं कसं? फ्रिजमधलंच आहे," आई म्हणाली. "बर्फ घालते थांबा." तिने कप्प्यातून बर्फाचा ट्रे काढून आणला. जनाबायने एक तुकडा उचलला, उन्हात धरला, बोटांनी फिरवला. मला अजून तिची ती बोटं दिसतात, खवल्यांनी चिरलेली.

"ह्यो बरफ एकदा पानी झालाय नि परत गोठलाय," ती म्हणाली. "बग, कडा मोडल्यात, एकमेकाला चिकटलाय. आमी बरफावरच जगतो, आमाला कलतं. तुजा डबा मधीच झोपतो नि मधीच जागा व्हतो. दुकानदाराला बोलव."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "लाइट जाते ना अधूनमधून, त्याने होत असेल." आणि तिने फ्रिजचं बटण फिरवून शेवटच्या आकड्यावर नेलं. जनाबायने उठताना मला म्हटलं, "तुला आयकू येतं ना? मंग बोलत रा." मी बोलत राहिले नाही. मी त्याहून वाईट केलं.

त्याच दुपारची गोष्ट. आई कापड आणायला बाजारात गेली होती. मी फ्रिज उघडला तर आतून ओलसर, कोमट हवा अंगावर आली. दुधाच्या पातेल्याला फिकट आंबूस वास. दाराच्या कप्प्यात नंदाची बाटली, अर्ध्याहून जास्त भरलेली. हात लावला, ती माझ्या हाताइतकीच गरम. नवी बाटली आणायला अजून बरेच दिवस होते. समोरच्या बिल्डिंगमध्ये बाटली नेऊन ठेवावी, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. मी चप्पल घातलीसुद्धा. मग ते "कोणी नाही, बाटलीवाली" आठवलं, आणि मी चप्पल काढली. वरच्या कप्प्यात अजून बर्फ शिल्लक होता. सगळ्यात गार जागा तीच. मी बाटली एका वाटीत उभी केली, भोवती बर्फाचे तुकडे रचले आणि कप्प्याचं झाकण लावलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं हेही लिहिलं पाहिजे. सगळे हसतात, पण काळजी मीच घेते, असं काहीतरी.

त्यानंतर थोड्या वेळाने फ्रिजला एकदाचं उठता आलं. तो सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत थांबला नाही. बटण शेवटच्या आकड्यावर. सुईच्या वेळी मी झाकण उघडलं तर बाटली वाटीला चिकटलेली, आत औषध पांढरं, टणक, खडूसारखं. मी ती ओढणीखाली धरली, काखेत धरली, तळव्यांत चोळली. हळूहळू ते पातळ झालं. मनात म्हटलं, दूध गोठतं, वितळतं, दूधच राहतं की. पण पूर्वीसारखं ते सारखं होईना. काचेला आतून बारीक कण चिकटले होते, रव्यासारखे. मी बाटली फिरवत राहिले, फिरवत राहिले. बाहेरून नंदाने हाक मारली, "ताई, मला भूक लागलीये." आधी सुई, मग जेवण, हा नियम. मी रेघेपर्यंत औषध ओढलं आणि तिला सुई दिली.

"आज दुखलं," ती म्हणाली.

बाटली मी परत दाराच्या कप्प्यात ठेवली. कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच बाटली, तिसऱ्या दिवशी तीच.

त्या काळी रक्ताची तपासणी घरी होत नसे. आई नंदाची लघवी परीक्षानळीत निळ्या औषधात घालून स्टोव्हवर उकळायची. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर थोडी साखर, आणि विटकरी झालं तर जास्त. दुसऱ्या दिवशी हिरवं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी नळीत वीट कुटून टाकल्यासारखा रंग. आईने नळी उजेडात धरली आणि नंदाला हाक मारली.

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

"खरं सांग. शेजारी वाढदिवस होता. काय दिलं त्यांनी?"

"मी केक घेतला नाही. नको म्हणून सांगितलं."

"मग हा रंग काय उगाच येतो?" आईचा आवाज चढला. "मी तुझ्यापायी घरात साखर लपवून ठेवते, चहा फिका पिते, आणि तू..." नंदाने माझ्याकडे पाहिलं. मी सिरिंजचं पातेलं उचलून मोरीत गेले आणि नळ सोडला. पाण्याच्या आवाजात मला पुढचं ऐकू आलं नाही. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

नंदा सारखं पाणी पीत होती. शाळेत न जाता अंथरुणावर पडून राहिली, दर थोड्या वेळाने उठायची, पाणी, मोरी, पुन्हा पाणी. दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. तिच्या श्वासाला पिकून गळलेल्या फळांसारखा वास येत होता आणि ती खोल, घाईघाईने श्वास घेत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मागे फ्रिज घुर्र करून टक् म्हणत होता. आई शेजारच्यांकडून कारखान्यात निरोप पाठवायला धावली. आप्पा कारखान्याच्या जीपमधूनच आले. बोईसरच्या डॉक्टरांनी तिला बघितलं आणि चिठ्ठी लिहायलाही वेळ घेतला नाही. "पालघरला न्या. आत्ता. आणि ती कुठलं औषध घेते ते सोबत न्या," म्हणाले. बाटली मी आणली. धावत घरी जाऊन आणली आणि जीपमध्ये मुठीत धरून बसले. वाटेत उमरोळीच्या आसपास कुठेतरी नंदाने डोळे उघडले, मला ओळखलं नाही, परत मिटले.

पालघरच्या दवाखान्यात त्यांनी तिला आत घेतलं, सलाईन लावलं. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले, चष्मा कपाळावर. बाटली मागितली. खिडकीशी जाऊन उजेडात तिरकी केली.

"हे गोठलं होतं कधी?"

आप्पा म्हणाले, "नाही साहेब. फ्रिजमध्ये असतं."

"फ्रिजमध्ये बर्फाच्या जागी ठेवलं होतं?"

"नाही, दारात असतं," आई म्हणाली.

"मग फ्रिज जास्त गार होतोय. हे बघा कण. गोठलं की हे औषध मेलं. इतके दिवस तुम्ही मुलीला पाणी टोचत होता असं समजा." आणि ते आत गेले. आई भिंतीला टेकून खाली बसली. ती काय आठवत होती ते मला कळत होतं. केक. तिने चढवलेला आवाज.

आप्पा व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले, बरोबर डाव्या हाताला. समोर एक नर्स बादली घेऊन गेली, एक माणूस कडेवरच्या पोराला शिट्टी वाजवून दाखवत होता. मी खाली मान घालून म्हणाले, "आप्पा, बाटली मी बर्फात ठेवली होती. फ्रिज बंद पडत होता म्हणून."

आप्पा समोर बघत राहिले. काहीच नाही. मानही हलली नाही. मला वाटलं, आता हे माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. मी रडायला लागले आणि पुन्हा म्हणाले, "माझ्यामुळे झालं, आप्पा. मी गोठलेलं बघितलं होतं. तरी दिलं."

तरीही काही नाही. मी त्यांच्या बाहीला धरून ओढलं. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. "काय गं? काही म्हणालीस?"

मला आधी कळलंच नाही. मग मी मोठ्याने म्हणाले. इतकं मोठ्याने की शिट्टी थांबली, आणि दाराशी बसलेली आई उठून उभी राहिली. "बाटली मी बर्फात ठेवली! मी! नंदाने काही खाल्लं नव्हतं!"

आख्ख्या व्हरांड्याने ऐकलं. आई जागच्या जागी थांबली, मग वळून आत नंदाकडे गेली. आप्पा माझ्याकडे बघत होते. मी मार खायला तयार होते, खरं तर मला तो हवा होता. त्यांनी हात वर केला आणि स्वतःच्या डाव्या कानाला लावला.

"ह्या कानाने काही ऐकू येत नाही मला," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. उजव्याने येतं, पण बारीक आवाज नाही. मागांच्या खात्यात सगळ्यांचंच होतं, आम्ही एकमेकांना सांगत नाही. सांगितलं तर हलकं काम देतात." त्यांनी हात खाली घेतला. "तू फ्रिजचं सांगितलंस त्या दिवशी मी कान लावला. मला काही आलं नाही, सुमे. टक् नाही, घुर्र नाही. मला वाटलं, मला येत नाही म्हणजे नसेलच. आणि ते नसावं, हे मलाच हवं होतं."

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणाले नाही. ते दोन्ही बाजूंनी राहूनच गेलं. आता त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मला अजून ठरवता येत नाही की त्या दिवशी कोणी कोणाला माफ करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नंदा शुद्धीवर आली. आई तिच्या उशाशी फणी घेऊन बसली होती. नंदाचे केस विंचरत होती, विंचरून झाले तरी विंचरत होती. "दुखतंय गं," नंदा म्हणाली. आई हसली आणि रडली आणि फणी खाली ठेवून म्हणाली, "मी उगाच बोलले तुला." नंदा म्हणाली, "हो." एवढंच. मी दाराशी उभी होते.

नंदा अजून दवाखान्यात होती तेव्हा आप्पा मला घेऊन बोईसरला आले. घरात शिरल्यावर त्यांनी फ्रिज भिंतीपासून ओढून पुढे घेतला, मागे जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्या काळ्या गोळ्यावर फडकं ठेवून त्यावर तळवा ठेवला. "आता तू सांग," म्हणाले. मी सांगत गेले. "आता घुर्र... दिवा कमी झाला... टक्." त्यांनी मान हलवली. "हाताला कळतं. थरथर येते आणि मध्येच तुटते. उठायला बघते आणि जमत नाही तिला." पुन्हा वाट बघितली. पुन्हा तसंच. तासभर आम्ही असे बसलो, ते हाताने, मी कानाने. शेवटी ते म्हणाले, "गेली ही मोटर. आज नाही तर उद्या कायमची बसेल." स्टेशनकडचा मेकॅनिक आला, त्याने वायरी सोडून मीटर लावला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर जाम हो रहा है. बहुत दिन से आवाज दे रहा होगा, किसी ने सुना नहीं?" आप्पा म्हणाले, "लडकी ने सुना था." त्या हिंदी वाक्यासाठी मी अजून त्यांची ऋणी आहे. त्याच महिन्यात आप्पांनी कारखान्यात कानाचं सांगितलं. त्यांना स्टोअरला टाकलं. सुरुवातीला ते घरी येऊन गप्प बसायचे, मग हळूहळू सवय झाली. आणि मी निकाल लागल्यावर स्थळांचा विषय निघायच्या आधीच आयटीआयचा फॉर्म आणला, त्यावर सही आप्पांनी केली. पण ती वेगळी गोष्ट.

नंदा आठ दिवसांनी घरी आली. बारीक झालेली, गालाची हाडं वर आलेली. फ्रिजला नवा कॉम्प्रेसर बसला होता, आत नवी बाटली होती. संध्याकाळी मी सिरिंज उकळली, बाटली काढली आणि तिच्यासमोर बसले. दवाखान्यात असताना मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं होतं. आता तिने हात पुढे केला.

"बाटली दे."

मी दिली. तिने ती खिडकीशी नेली, डॉक्टरांसारखी तिरकी केली, तळ बघितला, बाजू बघितली. मग दोन्ही तळव्यांत धरून फिरवायला लागली. तिचे तळवे लहान होते, बाटली त्यांत मावत नव्हती.

"ह्याच्यापुढे बाटली मी बघणार," ती म्हणाली. "आणि सुई पण मीच देणार."

"तुला जमायचं नाही अजून. मी आहे ना."

"तू आहेस म्हणून तर," ती म्हणाली. रागाने नाही. गणिताचं उत्तर सांगावं तसं. आई स्वयंपाकघरातून बघत होती, तिने मला डोळ्यांनी थांबवलं.

अकरा वर्षांची पोर. तिने सिरिंज घेतली, रेघेपर्यंत ओढलं, एक बुडबुडा आला तो टिचकी मारून काढला, मला बघून बघून सगळं शिकली होती. फ्रॉक वर घेतला. सुई मांडीशी नेली आणि थांबली. परत नेली, परत थांबली. कपाळावर घाम आला. मी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "हात नको लावू." तिसऱ्यांदा तिने कॅलेंडरकडे न बघता, सरळ स्वतःच्या मांडीकडे बघत सुई आत घातली आणि दांडा हळूहळू दाबला.

सुई बाहेर काढल्यावर रक्ताचा एक थेंब आला. नंदाने इकडेतिकडे बघितलं, तेवढं घ्यायचं तिचं राहिलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, कापूस."